लेझर स्पेकल कॅमेरा: चित्र उत्तम, कॅलिब्रेशनची माहितीपुस्तिका अपुरी

लेझरच्या प्रकाशात त्वचेवर उमटणाऱ्या ठिपक्यांच्या नक्षीवरून (स्पेकल) त्वचेतील रक्तप्रवाह स्पर्श न करता दाखवणारा लेझर स्पेकल कॅमेरा आमच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षभर वापरात आहे. दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा काही मिनिटे आवळून ठेवून सोडला की पडद्यावर निळा पडलेला हात बघता बघता लालभडक होतो, आणि हे एकदा पाहिलेल्या विद्यार्थ्याला रिअ‍ॅक्टिव्ह हायपरेमिया (अडवलेला रक्तपुरवठा सोडताच तो उसळून वाढणे) वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चित्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती आकड्यांबद्दल. कॅमेरा जी परफ्यूजन युनिट दाखवतो, ती हलणाऱ्या रक्तपेशींचे प्रमाण आणि त्यांचा वेग यांवर अवलंबून असलेली सापेक्ष एकके आहेत. त्वचेची जाडी आणि रंग जागोजागी बदलत असल्यामुळे त्यांचे रूपांतर दर १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला इतके मिलिलिटर, असे करता येत नाही. पुस्तिकेत मात्र सरसकट ‘रक्तप्रवाह’ असा शब्द छापला आहे. नवख्या संशोधकाची त्यामुळे दिशाभूल होते, म्हणून हा दोष मी गंभीर मानतो.

कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्राचे आकडे ठरलेल्या मापाशी जुळवण्याच्या, संचात स्थिर पृष्ठभागाची एक पट्टी शून्यासाठी आणि पॉलिस्टायरिनच्या सूक्ष्म कणांच्या दुधाळ द्रवाची बाटली वरच्या बिंदूसाठी मिळते. कणांच्या ब्राउनियन (द्रवात आपोआप होणाऱ्या अस्ताव्यस्त) हालचालीवर आमच्या यंत्राने २५० युनिट दाखवावीत, अशी अपेक्षा असते. द्रव तापला की त्याची श्यानता (दाटपणा) घटते, कण अधिक वेगाने हलतात आणि आकडा चढतो. मे महिन्यात वातानुकूलन बंद असताना आलेल्या सेवा-अभियंत्याने तापमान न पाहताच यंत्र २५० वर जुळवले. खोली सुमारे सहा अंशांनी थंड झाल्यावर तोच द्रव २१५च्या आसपास दिसू लागला आणि मधल्या तीन आठवड्यांची मोजमापे आम्हाला बाजूला ठेवावी लागली.

पट्टा आवळलेला असतानाही आकडा शून्यावर येत नाही, हा यंत्राचा दोष नव्हे; तो जैविक शून्य, म्हणजे रक्तप्रवाह थांबल्यावरही ऊतीतून येणारा उरलेला संकेत, आहे, आणि तो वजा करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये चांगली दिली आहे. एकाच व्यक्तीच्या एकाच जागेवरील टक्केवारीतला बदल मोजायचा असेल, तर हा कॅमेरा मी निःशंकपणे सुचवेन. दोन प्रयोगशाळांचे आकडे थेट शेजारी ठेवायचे असतील, तर मात्र सुचवणार नाही. आम्ही आता बाटली अर्धा तास आधी खोलीत काढून ठेवतो, बुडबुडे होऊ न देता हलक्या हाताने फिरवतो आणि द्रवाचे तापमान नोंदवहीत लिहिल्याशिवाय लेझर सुरू करत नाही.