महिना ४८९ डॉलरचा "पीपीओ" : सबसिडी गेली म्हणून घाबरलेल्यांनी वाचा

फोनवरून मला "पीपीओ", म्हणजे डॉक्टर स्वतः निवडता येतात असा हेल्थ इन्शुरन्स, असं सांगून भलताच प्लॅन गळ्यात मारला, त्याची ही गोष्ट. आधी आकडे सांगतो, कारण "किती गेले?" हे विचारल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. डिसेंबरात ६१४ डॉलर, जानेवारीत ४८९, फेब्रुवारीत ४८९ आणि प्लॅन बंद करून झाल्यावर मार्चमध्ये कार्डावरून परस्पर ३९.९५. एकूण १,६३१ डॉलर ९५ सेंट. हा झाला हप्त्यांचा चुना. हॉस्पिटलचं बिल आलं ४१,८६० आणि त्यातले आमच्या "इन्शुरन्स"ने भरले १,१५०. शून्य लिहायचं राहिलेलं नाही, अकराशे पन्नासच.

आता लगेच "अहो, पण तुम्ही नीट वाचलं नाही का" असं म्हणणाऱ्यांसाठी. मी १९९७ पासून अमेरिकेत आहे, इतकी वर्षं टॅक्स, मॉर्गेज, पोरांचे कॉलेजचे फॉर्म सगळं स्वतः भरलंय. ओबामाकेअर, म्हणजे आरोग्य विम्याचा अफोर्डेबल केअर ॲक्ट, २०१० च्या मार्चमध्ये पास झालं तेव्हापासून त्यावर वाद घालतोय, २०१७ च्या जुलैत ते रद्द करायच्या प्रस्तावावर सिनेटर मॅकेनने मध्यरात्र उलटल्यावर सिनेटमध्ये अंगठा खाली केला तेव्हा मी टीव्हीसमोर जागा होतो, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच विषयावरून एका जुन्या मित्राशी माझा अबोला आहे. तेव्हा अडाणी म्हणून फसलो असं कुणी समजू नका. उलट बातम्या रोज वाचत होतो म्हणूनच फोनवरच्या त्या एजंटचं बोलणं मला खरं वाटलं, आणि हेच तुम्हाला सांगायचंय.

मी कॉन्ट्रॅक्टवर काम करतो, कंपनीचा इन्शुरन्स नाही, त्यामुळे गेली काही वर्षं सरकारी मार्केटप्लेसवरून, म्हणजे ओबामाकेअरचे प्लॅन मिळतात त्या साइटवरून, प्लॅन घेत होतो. मी ५९ वर्षांचा, ही ५७ वर्षांची. वर्षाचं उत्पन्न साधारण ८७,००० धरलेलं. २०२१ मध्ये कोविडच्या वेळी सबसिडी, म्हणजे हप्त्यासाठीची सरकारी मदत, वाढवली आणि पुढे २०२५ अखेरपर्यंत चालू ठेवली, तिच्या हिशोबाने उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांच्या वर हप्ता जात नव्हता, म्हणजे आम्हाला महिना ६१६. ती सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपणार म्हणून वॉशिंग्टनमध्ये काय काय झालं ते सगळ्यांना माहितीये, १ ऑक्टोबरपासून सरकार बंद, ४३ दिवस, तोवरच्या इतिहासातलं सगळ्यात लांब, आणि शेवटी सरकार उघडलं ते सबसिडीचा निकाल न लावताच. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे प्रस्ताव पडले. त्याआधीच आमच्याकडे इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलेलं, नवीन हप्ता २,१३७. महिन्याला!

वाढीव सबसिडी गेली की जुना नियम परत येतो, आणि त्या नियमात कडा आहे. २०२६ साठी दोघांच्या कुटुंबाला ८४,६०० पर्यंत मदत, त्याच्यावर एक डॉलर गेला की मदत शून्य. आम्ही २,४०० डॉलरने पलीकडे. आता ऐका. अडीच हजार डॉलर साध्या ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीच्या बचत खात्यात) टाकले असते तर त्या हिशोबातलं उत्पन्न कडेच्या अलीकडे आलं असतं आणि हप्ता महिना सातशेच्या आसपास बसला असता. हे मला आमच्या सीपीएने, म्हणजे टॅक्सवाल्याने, सांगितलं. कधी? फेब्रुवारीत! डिसेंबरात साहेब सुट्टीवर. तुमचं उत्पन्न कडेच्या आसपास असेल तर एजंटला नाही, आधी टॅक्सवाल्याला फोन करा.

तर २,१३७ चा आकडा बघून एका रात्री सर्च केलं, वर जी साइट आली तिच्यावर झेंडा वगैरे होता, नाव आणि फोन नंबर टाकला. तिथेच माती खाल्ली. नंबर टाकून चहा ठेवला, आधण यायच्या आत पहिला फोन. मग चालूच. केंद्र सरकारच्या साइटचा पत्ता डॉट गव्हने संपतो (काही राज्यांच्या स्वतःच्या साइट डॉट कॉम किंवा डॉट ओआरजीनेही संपतात), आणि प्लॅनचे भाव बघायला ती फोन नंबर मागत नाही. मागितला की खिडकी बंद करा.

त्यातला एकजण अतिशय गोड बोलणारा. "सर, शटडाउनमुळे लोकांचे फार हाल झालेत, म्हणून आता नवीन प्रोग्राम आलाय." ट्रम्प यांनी नोव्हेंबरात म्हटलं होतं की सबसिडीचे पैसे इन्शुरन्स कंपन्यांना न देता थेट लोकांना द्या. ती बातमी मी वाचलेली, यानेही वाचलेली. "तेच हे सर, गव्हर्नमेंट आता डायरेक्ट देतंय, म्हणून तुमचा भाव ४८९ आलाय, नॅशनवाइड पीपीओ, डिडक्टिबल (आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) नाही, तुमचे डॉक्टर सगळे नेटवर्कमध्ये." आता मला सांगा, प्रेसिडेंट स्वतः जे बोलतोय तेच फोनवरचा माणूस बोलत असेल तर संशय कशाचा घ्यायचा? असा कुठलाही कायदा तेव्हा झालेला नव्हता. सबसिडी अशी कार्डावर मिळत नाही, ती सरकारकडून परस्पर इन्शुरन्स कंपनीला जाते, नाहीतर टॅक्स भरताना क्रेडिट म्हणून मिळते. मध्यंतरी फेसबुकवर "६,४०० डॉलर मोफत" अशा जाहिराती फिरत होत्या, तीच जमात ही.

आता तो क्षण. आठवला की अजून हात शिवशिवतात.

कार्ड नंबर घेऊन झाला, मग म्हणाला, आता एक व्हेरिफिकेशन रेकॉर्डिंग होईल, नुसती फॉर्मॅलिटी आहे, प्रत्येक वाक्यानंतर "येस" म्हणा, मध्ये काही विचारलंत तर सिस्टिम रिजेक्ट करते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि हा भाव आज रात्रीपर्यंतच आहे. मग दुसरीच एक बाई, आवाज सपाट, गाडी सुटल्यासारखी वाचत सुटली. त्यात एक वाक्य होतं की हा प्लॅन म्हणजे मेजर मेडिकल इन्शुरन्स (आजारपणाचा मोठा खर्च उचलणारा नेहमीचा विमा) नव्हे आणि अफोर्डेबल केअर ॲक्टच्या अटी पूर्ण करत नाही हे तुम्हाला समजलंय. मी थांबलो. खरंच थांबलो. "वेट, व्हॉट डज दॅट मीन?" असं म्हणालो. लाइनवर खट्ट झालं आणि गोडबोल्या परत आला, "सर, ते ओबामाकेअरबद्दल आहे, आपण ओबामाकेअर घेतच नाही आहोत ना, म्हणून तसं म्हणावं लागतं, लीगल आहे." आणि रेकॉर्डिंग परत पहिल्यापासून. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अहो, एवढी कसली घाई आहे त्याला? उद्या करा ना." मी हाताने गप्प बस अशी खूण केली. (ही खूण ती मला जन्मभर ऐकवणार.) आणि दुसऱ्या वेळी सगळ्याला येस, येस, येस.

पण विचार करा, तो जे बोलला ते तर्काला धरूनच होतं ना? ओबामाकेअर महाग झालंय म्हणून दुसरं घेतोय, मग ओबामाकेअरच्या अटी पूर्ण करत नाही हे बरोबरच की! थापेतसुद्धा खऱ्याचा अंश असतो तो असा. पहिल्या रेकॉर्डिंगमधला माझा प्रश्न मात्र गायब. त्यांच्याकडे आता फक्त "येस"वालं आहे.

४८९ आणि १२५ "एनरोलमेंट फी", असे ६१४ गेले. कार्ड घरी आलं, झकास, जाड प्लास्टिकचं, कोपऱ्यात पीपीओचा शिक्का.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हिच्या पोटात रात्री इतकं दुखायला लागलं की सरळ इमर्जन्सीत नेलं. पित्ताशयात खडे, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, दोन रात्री ॲडमिट. इमर्जन्सीत पैशावाचून कुणाला परत पाठवता येत नाही, १९८६ चा कायदाच आहे तसा, तेव्हा उपचार नीट झाले, त्याबद्दल तक्रार नाही. बिलिंग काउंटरवरच्या बाईंनी ते कार्ड घेतलं, उलटं केलं, नखाने एका ओळीवर टकटक केलं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, डोळ्यांना ताण दिल्याशिवाय दिसणार नाहीत अशी. हा मेजर मेडिकल विमा नाही. बाई वाईट नव्हत्या, म्हणाल्या या महिन्यात अशी कार्डं बरीच बघतेय.

निघालं काय, तर "फिक्स्ड इंडेम्निटी" प्लॅन. ॲडमिट असाल त्या प्रत्येक दिवसाचे ५००, इमर्जन्सीचे १५०, बास. दोन दिवसांचे हजार आणि वर दीडशे. बाकी ४०,७१० तुमचे तुम्ही बघा. खऱ्या मार्केटप्लेस प्लॅनमध्ये, कितीही भिकार ब्राँझ घेतला असता तरी, २०२६ मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी एका माणसाच्या खिशातून १०,६०० च्या वर जाऊ शकत नाही. विचारायचा प्रश्न हाच आहे बघा : वर्षात माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार? एजंटने आकडा सांगितला नाही, किंवा उलट कंपनी किती देणार याचा आकडा सांगितला, की फोन ठेवा.

आईबाबांना पुण्याहून सहा महिन्यांसाठी बोलावताना आपण जो व्हिजिटर इन्शुरन्स घेतो ना, त्यातला स्वस्तातला "फिक्स्ड बेनिफिट" म्हणजे हाच प्रकार. तो तर उघडउघड विकतात. तिथेही बघून घ्या.

आता सरकारी खात्यांची कथा, आणि इथे माझं बीपी वाढतं. राज्याच्या विमा खात्याला तक्रार केली. उत्तर, पॉलिसी दुसऱ्या राज्यातल्या एका "असोसिएशन"च्या नावावर निघालीये, तुम्ही त्या असोसिएशनचे मेंबर, तेव्हा तिकडच्या खात्याकडे जा. (मी कधी मेंबर झालो? त्याच येस-येस मध्ये.) तिकडचे म्हणाले तुम्ही आमचे रहिवासी नाही. ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) ऑफिसने फॉर्म घेतला, कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीने रेकॉर्डिंग पाठवलं, फाइल बंद. चोराला विचारलं चोरी केलीस का, तो नाही म्हणाला, केस संपली! केंद्राच्या साइटवर तक्रार टाकली तर नंबर मिळाला आणि खाली टीप, वैयक्तिक तक्रारी सोडवल्या जात नाहीत. क्रेडिट कार्डवाल्यांनी डिस्प्यूट फेटाळला, कारण परत तेच, तुमचा आवाज आहे, तुम्ही येस म्हणालात. आणि मग आमचे काँग्रेसमन. त्यांच्या ऑफिसला सगळी कागदपत्रं पाठवली, तर दोन पानी पत्र आलं, सन्माननीय सदस्यांची सबसिडीबाबतची भूमिका काय आहे आणि समोरचा पक्ष कसा जबाबदार आहे. पक्षाचं नाव लिहीत नाही, दुसऱ्या पक्षाचा असता तरी पत्र हेच आलं असतं, नावं फक्त उलटी.

सगळ्यात संतापजनक उत्तर मार्केटप्लेसच्या हेल्पलाइनवर मिळालं. म्हटलं मी फसलोय, मला आता खरा प्लॅन द्या, हप्ता कितीही असो. तर ओपन एनरोलमेंट, म्हणजे प्लॅन घ्यायची वर्षाची मुदत, १५ जानेवारीला संपलं. म्हटलं पण कव्हरेज गेलं की साठ दिवसांची खास मुदत मिळते ना? मिळते, पण तुमचं ते कव्हरेज मुळात कायद्याच्या लेखी कव्हरेजच नव्हतं, त्यामुळे ते गेलं असं धरता येत नाही. म्हणजे जे नव्हतंच ते गेलं कसं! हे ऐकून मी हसलो, खरंच हसलो, पलीकडची मुलगी पण गोंधळली. तर आता २०२७ च्या जानेवारीपर्यंत आम्ही दोघं देवाच्या भरवशावर. ज्यांची नोकरी गेलीये त्यांनी हे डोक्यात ठेवा, तुमची ती साठ दिवसांची मुदत खरी असते, ती अशा भंगार प्लॅनवर वाया घालवू नका. कोब्रा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) महाग असतो, मान्य, पण निवडायला साठ दिवस असतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो, तेवढ्यात काही झालंच तर तेव्हा घेता येतो. ही सोय कुणी एजंट तुम्हाला सांगणार नाही, त्यात त्याला कमिशन नाही.

आणि हे कुणाला माहीत नाही असं नाही हो. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या अशाच एका टोळीवर एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या केंद्राच्या खात्याने) केस केली, २०२४ मध्ये कोर्टाने १९५ मिलियन डॉलरचा निकाल दिला. पाच वर्षांच्या वर! शॉर्ट टर्म, म्हणजे थोड्या काळाच्या, ओबामाकेअरच्या अटींबाहेरच्या प्लॅनचं तर बघा, ओबामांनी जाता जाता तीन महिन्यांवर आणले, ट्रम्पनी २०१८ मध्ये ३६४ दिवस केले आणि वर रिन्यू करायची सोय, बायडननी २०२४ मध्ये परत चार महिन्यांवर आणले, ट्रम्प परत आल्यावर २०२५ मध्ये जाहीर केलं की तो नियम लावण्यावर आम्ही भर देणार नाही. एकाला तो "चॉइस" वाटतो, दुसऱ्याला "जंक". ग्रुपवरही हीच मारामारी, एकजण सोशलिझम म्हणून ओरडतो, दुसरा कॅनडाचं उदाहरण देतो, मीही त्यातलाच. पण दर वेळी नियम हलला, सबसिडी लटकली, की लोक घाबरून रात्री सर्च करतात आणि ही माणसं फोन घेऊन बसलेलीच असतात, कालच्या भाषणातली वाक्यं तोंडपाठ करून.

हॉस्पिटलचं थोडं सुटलं ते चिरंजीवांमुळे. नॉनप्रॉफिट हॉस्पिटल असेल तर त्यांना मदतीची लेखी पॉलिसी ठेवावीच लागते, हेही ओबामाकेअरमधलंच कलम, मागितल्याशिवाय कुणी हातात देत नाही. मागा. खर्चाचं ओळीओळीचं बिल पण मागा. आमचं घासाघीस करून २३,४०० वर आलं, महिना ६५० असे ३६ हप्ते. कार्डाचं म्हणाल तर नुसता प्लॅन बंद करून भागत नाही, कार्ड नंबरच बदलून घ्या, मेंबरशिपचे ३९.९५ वेगळ्याच नावाने कापले गेले ते त्यामुळे. एजंटचा लायसन्स नंबर आधी विचारा आणि तुमच्या राज्याच्या साइटवर तपासा. आमच्यावाल्याने दिलेला नंबर खरा होता, फक्त तो दुसऱ्याच कुणाचा तरी, वेगळ्या राज्यातल्या बाईंचा होता.

स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जायचा विचार आहे, निदान १,६३१.९५ तरी. पण समन्स कुठे पाठवायचं, त्यांचा पत्ता म्हणजे भाड्याची एक पोस्टपेटी निघाली. अशा पेटीवर समन्स बजावून कुणाला पैसे परत मिळाले असतील तर कसे ते सांगा.