वजन उतरवायला कुठे जावं: पॅकेज, शेक की आहारतज्ज्ञ?

गेल्या चार वर्षांत वजन कमी करायला मी तीन ठिकाणी पैसे भरले. आधी स्लिमिंग सेंटरचं तीन महिन्यांचं पॅकेज, मग सकाळच्या शेकचा क्लब आणि शेवटी आहारतज्ज्ञ. हल्ली दुकानात येणारी ओळखीची माणसं विचारतात, 'दादा, तुम्ही काय केलंत?' काउंटरवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितोय. कॅलरी, प्रोटीन, चालणं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं नाशकात किराणा दुकान आहे आणि पोती मोजायला प्लॅटफॉर्म काटा आहे. त्याचं दर वर्षी वैधमापनवाल्यांकडून पासिंग करून घ्यावं लागतं. शिक्का नसेल तर त्या काट्यावर पावशेर साखरसुद्धा विकता येत नाही. बावीस वर्षं हेच करत आलोय, त्यामुळे काट्याच्या बाबतीत मी जरा जास्तच कडक असेन. माझा निर्णय त्यातूनच झाला. तुम्हाला कदाचित दुसरंच काही महत्त्वाचं वाटेल.

सेंटरपासून सुरुवात करतो. जागा स्वच्छ, माणसं गोड बोलणारी, आत गेल्यावर आपली कुणीतरी दखल घेतंय असं वाटतं. ही किरकोळ गोष्ट नाही. जाड माणसाला दवाखान्यात आणि लग्नकार्यात जे ऐकावं लागतं, त्यानंतर असं बोलणं बरं वाटतं. पांढरा कोट घातलेल्या बाईंनी तासभर माझी चौकशी केली. त्या डॉक्टर असतील असं मी धरून चाललो होतो. मग त्यांनी आकडा सांगितला: आज भरलेत तर ३६ हजार, उद्या आलात तर ५२. त्या समुपदेशक आहेत आणि त्यांचं काम पॅकेज विकण्याचं आहे, हे कळायला मला दुसरा आठवडा उजाडला. 'बारा किलोंची हमी' कागदावरही होती. फक्त खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एकही सेशन चुकलं किंवा आहार पाळला नाही तर हमी लागू नाही. तीन महिन्यांत एकही सेशन न चुकणारा संसारी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

पण पैशांचं दुःख मी विसरलो असतो. खटकलं ते वजन घेणं.

पहिल्या दिवशी माझं वजन संध्याकाळी सहाला घेतलं. दुपारचं जेवण, चहा, वर दोन ग्लास पाणी झालेलं. अंगात जीन्स, पट्टा, खिशात मोबाइल आणि दुकानाच्या चाव्या. फक्त बूट काढायला सांगितले. फाइलवर आकडा पडला ९३.१. दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान उघडल्यावर सहज म्हणून स्वतःच्या काट्यावर उभा राहिलो, रिकाम्या पोटी, बनियन-लेंग्यावर. ९१ भरलो. वाटलं, असेल काट्याकाट्यांत फरक.

तीन महिन्यांनी शेवटचं वजन ठरलं ते सकाळी सातला. आदल्या रात्री फोन आला, 'उद्या काही खाऊन-पिऊन येऊ नका सर.' तिथे त्यांचा पातळ गाऊन घालायला दिला, अर्धा तास गरम पट्ट्यांत गुंडाळून घाम काढला आणि मग काट्यावर उभं केलं. ८६.२. टाळ्या झाल्या, फोटो झाला, 'जवळपास सात किलो' असं लिहिलेला फलक माझ्या हातात दिला. तिथून थेट दुकानात आलो आणि माझ्या काट्यावर उभा राहिलो: ८६.४. म्हणजे त्यांच्या काट्यात खोट नव्हती. माझ्या काट्याप्रमाणे मी साडेचार किलोंच्या आसपास उतरलो होतो, आणि ती काही वाईट कमाई नव्हे. वरचे सव्वादोन किलो जेवणाचे, पाण्याचे, जीन्सचे आणि चाव्यांचे होते.

तरी मनात शंका राहू नये म्हणून पुढचा आठवडाभर रोज दोनदा वजन केलं: पहाटे उपाशीपोटी, आणि संध्याकाळी जेवणखाण करून कपड्यांसकट. फरक कधी १.४ किलो, कधी २.३. चरबीचा कणही न हलता. आमच्या धंद्यात याला मापात पाप म्हणतात. मी एखाद्या गिऱ्हाईकाला गोणपाटासकट साखर तोलून दिली तर तो मला बाजारात तोंड दाखवू देणार नाही. इथे माणूस स्वतःच फलक हातात धरून हसतो, आणि तो फोटो भिंतीवर लागून पुढच्या माणसाला आत ओढतो. माझाही लागला होता. काढून टाका म्हणून तीनदा सांगावं लागलं.

'आठवड्यात पाच किलो' ही जाहिरात तुम्हीही वाचली असेल. तिचा हिशेब मला पुढे आहारतज्ज्ञ मॅडमनी पाटीवर मांडावा तसा मांडून दाखवला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. माझ्यासारख्याला दिवसाला २,२०० च्या आसपास लागतात. म्हणजे सबंध आठवडा मी पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नाही, तरी चरबी दोन किलोंच्या आसपासच जाणार. उरलेलं काय जातं? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की तो साठा संपतो आणि पाणीही जातं. काट्यावर आकडा झपाट्याने घसरतो, आणि नीट जेवायला लागलं की तितक्याच झपाट्याने चढतो. माझे सेंटरमधले साडेचार किलो चार महिन्यांत अर्धा किलो सोडून सगळे परत आले.

मग शेकचा क्लब. तुमच्याही कॉलनीत असेल: कुणाच्या तरी फ्लॅटचा हॉल, सकाळी साडेसहाला मिक्सरची घरघर, दहा-बारा माणसं, टाळ्या, गाणी. चालवणाऱ्या ताई आमच्याच गल्लीतल्या. त्यांच्याबद्दल वाकडं लिहायची माझी इच्छा नाही. त्यांनी स्वतः वजन उतरवलं होतं, पदरचे पैसे घालून माल भरला होता, आणि बोलत होत्या त्यातल्या शब्दाशब्दावर त्यांचा विश्वास होता. मी दोन दिवस आलो नाही तर फोन करायच्या. इतकी आस्था मला दुसरीकडे कुठेही मिळाली नाही. एकट्या पडलेल्या माणसाला तेवढ्यासाठीही क्लबला जावंसं वाटेल.

अडचण शेकच्या पावडरीच्या डब्यात होती. दुकानदार असल्यामुळे मी लेबल वाचतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हा नियम आहे. त्या डब्यावर पहिल्या क्रमांकाला सोया प्रोटीन होतं आणि दुसऱ्याला साखरेचाच एक प्रकार. पहिल्या महिन्यात माझे तीन किलो गेले खरे, पण नाश्ता आणि रात्रीचं जेवण दोन्ही बंद करून त्याजागी दोन पेले घेतल्यावर ते जाणारच होते. महिन्याला साडेसहा हजार मी नेमके कशाचे देत होतो, याचं उत्तर डब्यावर कुठे सापडेना. तिथे हातात धरायचं एक यंत्रही होतं, शरीराचं वय सांगणारं. मी ४७ चा, त्याने ५८ सांगितलं. पोटात गोळाच आला. पंधरा मिनिटांनी, मोठा पेलाभर पाणी पिऊन पुन्हा धरलं तर ५५. अशी यंत्रं अंगातून बारीकसा विजेचा प्रवाह सोडून अडथळा मोजतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. अंगातलं पाणी बदललं की अंदाजही बदलतो. घाबरलेला माणूस मात्र दुसऱ्यांदा धरून बघत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताई म्हणाल्या, 'दादा, तुमचं दुकान आहेच, तुम्हीपण कोच व्हा.' कोच म्हणजे स्वतः डबे विकायचे आणि आपल्याखाली आणखी माणसं जोडायची. नुसती माणसं जोडून पैसे कमावण्यावर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी बंदी आहे. खालच्या माणसांच्या खरेदीवर वाटा मिळणं मात्र चालतं. त्या दिवसापासून मला ताईंचं बोलणं पूर्वीसारखं ऐकता येईना. मला जोवर डबा लागतोय तोवर त्यांचं घर चालणार होतं, आणि माझा डबा सुटणं हेच तर मला हवं होतं. दुसऱ्या महिन्याअखेर मी जाणं थांबवलं.

आहारतज्ज्ञांकडे मी फारशी आशा न ठेवता गेलो. केबिन साधी, भिंतीवर एकही फोटो नाही. पहिल्या भेटीचे ७००, नंतर दर वेळी ४००. त्यांनी आधी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) आणि थायरॉइडची तपासणी करायला लावली, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं. किती दिवसांत किती उतरेल असं मी विचारलं तर म्हणाल्या, 'आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर खूप झालं. मध्ये काही आठवडे काहीच उतरणार नाही, तेव्हा माझ्यावर रागावू नका.' हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही अर्ध्या किलोचाच आकडा आहे. पैसे घेण्याआधी निराश करणारं माणूस मला या चार वर्षांत पहिल्यांदाच भेटलं.

आणि मग काटा. त्यांच्या केबिनमधल्या काट्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, उभा राहू का? त्या म्हणाल्या, 'नको. माझा काटा थोडं जास्त दाखवतो, आणि तुम्ही आत्ता जेवून आलाय. घरी काटा आहे का?' मी म्हटलं, दुकानात आहे, शिक्क्याचा. त्या हसल्या. 'मग प्रश्नच मिटला. रोज पहाटे एकाच वेळी, एकाच कपड्यांत उभे राहा, वहीत लिहा, आणि आठवड्याची सरासरी काढून मला दाखवा. रोजचा आकडा बघून जीव खालीवर करून घेऊ नका.' माझं मत तिथेच बनलं. मोजायचं काम त्यांनी माझ्या हाती दिलं होतं.

यांच्याकडेही सगळं सुरळीत नव्हतं. पहिला तक्ता छापील होता, त्यात ओट्स आणि ग्रीक योगर्ट. मी म्हटलं, मॅडम, मी बाजरीची भाकरी खाणारा माणूस. मग तो खोडून त्यांनी भाकरी, मटकी, ताक, भुईमुगाचे दाणे मोजून असा नवा लिहून दिला. अपॉइंटमेंट दोन-दोन आठवडे मिळायची नाही. मधले सहा आठवडे वजन जागचं हललं नाही, आणि तेव्हा फोन करून धीर द्यायला कुणी नव्हतं. क्लबच्या ताईंची आठवण आली. अकरा महिन्यांत ९०.५ वरून ८१.८ वर आलो. खर्च तपासण्या धरून सात हजारांच्या आत. त्याला आता वर्ष होऊन गेलं, आणि काटा ८१ ते ८३ च्या मध्ये फिरतोय.

फुकटचा मार्गही आहे, तो सांगायला हवा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत, जिचं मूळ ते डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारात सांगतात. माझ्या थोरल्या भावाला ती छान मानवली, कुणी त्याच्याकडून एक रुपया मागितला नाही. मला दुकानात बसून जमली नाही, दुपारी डोकं चढायचं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये, एवढं मात्र बजावून सांगेन.

चरबी वितळवणाऱ्या 'शंभर टक्के आयुर्वेदिक' गोळ्या मी तुलनेत धरल्याच नाहीत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे, म्हणजे त्यावर औषधाची अशी जाहिरात करणंच बेकायदा. शिवाय हर्बल म्हणून विकलेल्या गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडल्याची प्रकरणं जगभर झाली आहेत. हृदयाला धोका म्हणून ते औषध आपल्याकडेही बंद आहे. नवी इंजेक्शनं वेगळी. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड खरंच काम करतात, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत तर औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. घेणाऱ्याला ही दुसरी बाजू आधी सांगणारा डॉक्टर शोधा.

मग कुणी कुठे जावं? रोज कुणीतरी उठवून नेल्याशिवाय हालचालच होत नसेल, तर क्लबच्या सोबतीचा उपयोग होईलही. डबा न घेता नुसतं बसू देतात का, ते विचारून बघा. सेंटरमध्ये जायचंच असेल तर पैसे हप्त्याने भरा, 'आजच भरा' म्हणाले तर त्या दिवशी भरू नका, आणि पहिलं वजन सकाळी उपाशीपोटी घ्यायला लावा. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी तेव्हा तो फिरवला नाही, लाज वाटली. फिरवायला हवा होता.

मला विचाराल तर मी आपल्या माणसाला आहारतज्ज्ञांकडे पाठवीन, आणि खासगी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून तिथल्या आहारतज्ज्ञांना भेटायला सांगेन. रांग असते, एक सकाळ मोडते. जायच्या आधी पंधरा दिवस पहाटेचं वजन वहीत लिहून ठेवा आणि ती वही पिशवीत टाकायला विसरू नका. माझ्या मॅडम तर पहिल्यांदा तीच मागतात.