उद्यमनगरातला वायरमन, जुन्या ट्रकच्या टेपसाठी एकदम खात्रीचा

आबांचा जुना ट्रक, 24 व्होल्टचा, 12-12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून 24. हौसेनं टेप बसवून घेतला दुसरीकडं, तर त्या गड्यानं 12 व्होल्ट पायजेत म्हणून सरळ एकाच बॅटरीवरनं वायर ओढली! महिन्याभरात ती बॅटरी मेली आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी उडवायला लागली, वर रेस दिली की स्पीकरमधनं कुंऽऽऽ असा आवाज, रेस वाढंल तसा तोही चढायचा, डोकं उठायचं नुसतं.

मग मित्रानं उद्यमनगरात पाठवलं. मिस्त्रींनी आधी काय सोडवलंच नाही, हेडलाइट लावायला सांगून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी टेपच्या अर्थिंगला लावली, दीड व्होल्ट दाखवला. म्हणले, "हितं शून्याच्या जवळ पायजे बघा." अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला, खाली गंज. घासून चकचकीत केला, बॅटरीपासनं चॅसीला जाड केबल टाकली, 24 चं 12 करणारा कन्व्हर्टर बसवला आणि फ्यूज बॅटरीच्या जवळच, म्हणजे मधे वायर घासून शॉर्ट झाली तरी आग लागायची भीती कमी. टेपची पिवळी वायर कायम सप्लायला, लाल चावीवर. कुंऽऽ गायब.

दोन दिवस सांगून पाच लावले आणि बिल मागितलं तर नुसते हसले, ते सोडा. काम मात्र नाद खुळा! जाताना सकाळीच जावा, दुपारी जेवायला गेले की लवकर येत नाहीत.