‘परिंदा’ : आगीला खरोखर भिणारा खलनायक

मुंबई अग्निशमन दलात 32 वर्षं काढली. त्यामुळे सिनेमात आग लागली की माझं लक्ष गोष्टीवरून उडतं. धूर कुठून येतोय, हिरो वाकून का चालत नाही, हेच बघत बसतो. ‘परिंदा’ पाहताना मात्र आग बाजूला राहिली आणि मी माणसाकडेच बघत राहिलो. पहिल्यांदा 1989 साली लालबागला पाहिला, तेव्हा भरतीला जेमतेम वर्ष झालं होतं. गेल्या रविवारी घरी बायकोबरोबर पुन्हा पाहिला.

गोष्ट सूडाची आहे. करण (अनिल कपूर) अमेरिकेत शिकून परत येतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा इन्स्पेक्टर मित्र गोळ्या खाऊन पडतो. मारणारी टोळी अण्णाची. त्याच टोळीत करणचा थोरला भाऊ किशन, म्हणजे जॅकी श्रॉफ. या भावानं फुटपाथवर दिवस काढून धाकट्याला शिकवलेलं असतं. आता धाकटा सूड घ्यायला टोळीत शिरतो आणि थोरल्याच्या पोटात गोळा येतो.

त्या खुनाचा प्रसंग नीट बघा. कबुतरं भर्रकन उडतात आणि पंखांची फडफड गोळ्यांच्या आवाजात मिसळून जाते. कोण पडलं हे कळायच्या आत सगळं संपलेलं असतं. रेणू सलुजांना याच सिनेमाच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो किती योग्य होता हे इथेच पटतं.

दुसरा राष्ट्रीय पुरस्कार अण्णा झालेल्या नाना पाटेकरला, सहाय्यक अभिनेत्याचा. अण्णाचा काळा धंदा तेलाच्या कारखान्याआड चालतो. पेटत्या तेलावर पाणी मारलं तर आग उसळते, फोमच लागतो. असल्या जागेत बसणारा हा माणूस आगीला भितो, कारण स्वतःच्या बायकोला आणि लेकराला त्यानंच जाळलेलं असतं. माणसं मुंगीसारखी मारणारा अण्णा आग पाहिली की कोसळतो.

ही भीती मी जवळून पाहिलीय. एकदा रात्री चाळीतली वर्दी होती, स्टोव्हचा भडका. घरातला माणूस बाहेर जिन्यापाशी उभा होता. अंगाला साधा चटकाही नव्हता. मी तीनदा नाव विचारलं, त्याला ऐकूच आलं नाही. तोंड अर्धवट उघडं, नजर दारावर खिळलेली आणि बोटं बनियनचा काठ पिळतायत. नानाच्या डोळ्यांत मला तीच नजर दिसली. एरवी पडद्यावर भीती म्हटलं की किंकाळ्या असतात. खरा घाबरलेला माणूस आधी आतून रिकामा होतो, आणि नानाला ते कळलंय.

खटकलं ते एवढंच की माधुरीच्या पारोला, म्हणजे करणच्या प्रेयसीला, सोसण्यापलीकडे फारसं काम नाही. ‘तुमसे मिल के’ हे पंचमचं (आर. डी. बर्मन) गाणं फार गोड आहे, पण तिथे सूडाची धग थोडी निवते. बायकोला मात्र तेच सगळ्यात आवडलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचं वाचू नका. करण आणि पारोच्या लग्नाच्या रात्री, बोटीवर, अण्णा दोघांना गोळ्या घालतो. दिग्दर्शक विधू विनोद चोप्रांनी प्रेक्षकाला खूश करायला त्यांना वाचवलं नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. मग किशन अण्णाला जाळतो. इतर सिनेमांत अशा वेळी थिएटरात शिट्ट्या पडायच्या. लालबागला त्या दिवशी एकही शिट्टी ऐकली नाही मी. ज्याच्यासाठी किशननं सगळं केलं तो भाऊच उरलेला नव्हता. जॅकीचा त्या वेळचा चेहरा बघा. 1989 पासून तो माझ्या डोळ्यांसमोर आहे.

शक्यतो रात्री, दिवे मालवून बघा. मध्ये उठू नका.