डग्गा कुठं गेला?

आमची मारुती एस्टीम गाडी २००४ ची. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. यंदाच्या उन्हाळ्यात मागचे स्पीकर असे खरखरायला लागले की बातम्या देणाऱ्या बाईंचा घसा बसलाय असं वाटावं. जाळी काढून पाहिलं, तर स्पीकरच्या आतला जो शंकू हलतो, त्या कोनाच्या कडेचा फोम बोट लागताच भुगा. मागच्या काचेखाली इतकी वर्षं भाजून निघाल्यावर दुसरं काय होणार!

नवी जोडी घेतली, सहा बाय नऊची लंबगोल, कडेला फोमऐवजी रबर. ४,८०० रुपये. खोक्यावर ४५० वॉट ठळक छापलेत, त्याला भुलू नका. आरएमएस, म्हणजे स्पीकरला सतत झेपणारी ताकद, ९०, तेही बारीक अक्षरात. आणि साधा टेप एका स्पीकरला देतो जेमतेम वीसेक वॉट.

घराजवळच्या अ‍ॅक्सेसरीजवाल्या मुलानं वीस मिनिटांत बसवून दिले. आवाज स्वच्छ, पण तबल्यातला डग्गा गायब! नुसती उजव्या तबल्याची चाट टणटण वाजतेय. त्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, सबवूफर टाका." म्हणजे नुसत्या खर्जासाठी वेगळा मोठा स्पीकर, आणखी सात-आठ हजार.

मग मैत्रिणीनं नाना पेठेतल्या एका बोळातल्या काकांकडे पाठवलं. त्यांनी काहीही उघडलं नाही. आधी टेपचा बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, म्हणजे एकटा डावा स्पीकर वाजेल असा, डग्गा आला. उजवीकडे नेला, तरी आला. मध्ये आणला, गेला! "ताई, एकाच्या वायरी उलट्या लागल्यात. एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय, डग्गा आपसातच जिरतोय." मग डिकीत डोकं घालून पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना लावून दाखवला. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर उडी मारतो. टेपमागून येणारी जांभळी वायर प्लस आणि काळी रेघवाली जांभळी मायनस, तीच जोडी त्या मुलानं फिरवली होती. शिवाय जोड नुसते पिळून वर चिकटपट्टी. काकांनी ते सोल्डर केले आणि मागच्या काचेखालच्या थडथडणाऱ्या ट्रेच्या पत्र्याखाली फेल्टची पट्टी दिली. सगळ्याचे ३५० रुपये. मी स्वतःहून अँप्लिफायरचं विचारलं, तर म्हणाले, "आधी महिनाभर ऐका."

तक्रारी आहेतच. बसायला स्टूलसुद्धा नाही, बिल मागितलं तर वहीच्या पानावर मिळतं, आणि ऐन कामात काका चहाला गेले ते पाऊण तासानं उगवले. गाडी लावायला जागा? नाना पेठेत? रविवारी सकाळी लवकर जा.

नव्या स्पीकरचे मॅग्नेट जाडजूड आहेत, ते डिकीत खाली लोंबतात आणि छत्रीची मूठ दर वेळी त्यांनाच अडकते. डग्गा मात्र असा परतलाय की आता मागची नंबरप्लेट ठेक्यावर थरथरते. काका म्हणालेत, रबरी वॉशर लागतील, दहा रुपयांचं काम. पुढच्या रविवारी जाईन.