नायॉशचं साउंड लेव्हल मीटर अ‍ॅप: आकडा बरोबर, वाचणारा चुकतो

हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या घरात आहे असं धरून चालायचं. ही झाली ढोबळ कसोटी. पण व्यवस्थापनापुढे ‘फार आवाज आहे हो’ म्हणून भागत नाही, आकडा लागतो. तो फुकटात आणि बऱ्यापैकी भरवशाचा हवा असेल, तर नायॉशच्या अ‍ॅपइतकं चांगलं सध्या दुसरं काही नाही. नायॉश म्हणजे कामाच्या जागी आरोग्याला असलेल्या धोक्यांचा शोध घेणारी अमेरिकेची सरकारी संशोधन संस्था. हे अ‍ॅप २०१७ साली आलं. त्यात जाहिराती नाहीत आणि ‘पुढचं पाहायचं तर पैसे भरा’ हा प्रकारही नाही.

पहिली अडचण लगेच सांगून टाकू: हे फक्त आयफोनवर चालतं. यात कंजूषपणा नाही, कारण तांत्रिक आहे. अँड्रॉइडचे फोन शेकडो कंपन्यांचे, प्रत्येकाचा मायक्रोफोन वेगळा आणि त्यामागचं सर्किटही वेगळं. एकच अ‍ॅप दोन हँडसेटवर दोन वेगळे आकडे दाखवतं. त्यामुळे अँड्रॉइडवरच्या कुठल्याशा मीटरने ‘१०३’ दाखवले म्हणून कोणी चिठ्ठी नाचवत आला, तर आधी फोन कोणता ते विचारा.

आयफोनवर, प्रयोगशाळेत, फोनच्या स्वतःच्या माइकवर या अ‍ॅपची अचूकता अधिक-उणे २ डेसिबल आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डेसिबल लॉगरिदमिक आहे. ३ डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि नायॉशच्या हिशेबाने तिथे थांबण्याची मुभा निम्मी होते: ८५ ला ८ तास, ८८ ला ४, ९१ ला २, ९४ ला १ तास, १०० ला अवघी १५ मिनिटं. आता पडद्यावर ८५ दिसतायत असं समजा. खरा आवाज ८३ असेल तर साडेबारा तासांहून जास्त चालतं, ८७ असेल तर पाच तासांतच कोटा संपतो. म्हणजे ८३ ते ८७ च्या पट्ट्यात या अ‍ॅपच्या जोरावर ‘सुरक्षित’ असा शेरा मारायचा नाही, तिथे प्रमाणित मीटरच मागवायचा. ९५ दिसत असतील तर मात्र दोन डेसिबल इकडेतिकडे झाल्याने निर्णय बदलत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पडद्यावरच्या टीडब्ल्यूए या आकड्याने होतो. तो आठ तासांवर पसरलेली सरासरी दाखवतो. प्रेस शॉपमध्ये दहा मिनिटं मोजणी केली, एलएईक्यू म्हणजे त्या दहा मिनिटांची ऊर्जा-सरासरी आली ९५. त्याच पडद्यावर टीडब्ल्यूए दिसेल ७८ च्या आसपास! कारण उरलेले सात तास पन्नास मिनिटं जणू पूर्ण शांततेत गेली असं धरून तो हिशेब होतो. साहेब ७८ बघतात, ‘८५ च्या आत आहे की’ म्हणतात आणि फाइल बंद. प्रत्यक्षात ऑपरेटर पूर्ण पाळी तिथेच उभा असेल तर त्याचा डोस, म्हणजे दिवसाच्या मुभेपैकी वापरलेला हिस्सा, १००० टक्क्यांवर जातो. म्हणून नियम असा: पूर्ण पाळी मोजली नसेल तर टीडब्ल्यूए आणि डोसकडे पाहायचंच नाही. एलएईक्यू टिपा, माणूस तिथे रोज किती वेळ असतो ते विचारा आणि हिशेब कागदावर करा.

दुसरा घोळ सेटिंगचा. अ‍ॅपमध्ये नायॉश आणि ओशा (अमेरिकेत कामगार-सुरक्षेचे कायदेशीर नियम करणारी सरकारी संस्था) असे पर्याय मिळतात. नायॉशचा पाया (आठ तास चालणारी पातळी) ८५ डेसिबल आणि पायरी (जितके वाढले की मुभा निम्मी होते) ३ ची. ओशाचा पाया ९० आणि पायरी ५ ची. तेच ९५ डेसिबल आठ तास घ्या: नायॉशप्रमाणे डोस साधारण १००८ टक्के, ओशाप्रमाणे २००. जागा तीच, कानही तेच. एक शिफारस कान वाचवण्यासाठीची, दुसरी कायद्याची मर्यादा. अहवालात कोणतं सेटिंग होतं ते लिहिलं नसेल तर तो आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा.

मोजण्याआधी फोनचं कव्हर काढा. कव्हरच्या भोकाची कड माइकवर किंचित सरकलेली असली तरी वरच्या फ्रिक्वेन्सी दबतात आणि ग्राइंडरची किंकाळी सौम्य होऊन बसते. तळाच्या माइकच्या जाळीत साचलेला धातूचा बुरा आणि तेलकट धूळ मऊ ब्रशने झाडा. एअरप्लेन मोड लावा, मोजणीच्या मध्येच फोन वाजायला नको. वेटिंग ए (माणसाच्या कानासारखं, खालच्या फ्रिक्वेन्सींना कमी वजन देणारं) आणि रिस्पॉन्स स्लो (आकडा सावकाश बदलणारा) ठेवा. मग फोन कामगाराच्या कानाच्या उंचीवर, कानापासून साधारण वीतभर अंतरावर धरा. तुमचा हात लांब हवा, कारण तुमच्या अंगावरून आवाज परावर्तित होऊन येतो. बोटं माइकवर येऊ देऊ नका. पंख्याच्या किंवा कॉम्प्रेस्ड एअरच्या झोतात मोजू नका, वाऱ्याचा फरफराट माइकला आवाजच वाटतो. खिशात फोन ठेवून आठ तास ‘डोसिमीटर’ (पाळीभराचा डोस मोजणारं, अंगावर लावायचं यंत्र) म्हणून फिरवणं तर साफ चूक. कापडाची घासाघीस मोजली जाते आणि खरा आवाज दाबला जातो.

किती वेळ मोजायचं? कामाचं चक्र पूर्ण होईपर्यंत. लोड, पंच, अनलोड हे चक्र ४० सेकंदांचं असेल तर निदान सात-आठ चक्रं घ्या. नुसत्या पंचाच्या क्षणाचा ‘मॅक्स’ लिहून मोकळं होणं ही कोपऱ्यातल्या कंपनीपासून शाळेच्या बँडच्या खोलीपर्यंत सगळीकडे दिसणारी सवय आहे. मॅक्सवरून डोस निघत नाही.

कुठलं यंत्र जास्त ओरडतंय ते शोधायला अ‍ॅप खरंच कामाचं आहे. यंत्र चालू असताना ९२, बंद केल्यावर ८८ आले, तर त्या एकट्या यंत्राचा आवाज ९० च्या किंचित खाली. वजाबाकी करून ‘४ डेसिबल’ म्हणायचं नाही! चालू-बंद यांत ३ पेक्षा कमी फरक असेल तर भोवतालचाच गोंगाट वरचढ आहे, मग त्या यंत्राला कव्हर घालून पैसे वाया जातील. एकदा ए वेटिंगवर आणि एकदा सी वर (यात खालच्या फ्रिक्वेन्सी फारशा कमी केल्या जात नाहीत) मोजून पाहणंही उपयोगाचं. सी बराच जास्त आला तर घुमणारा, खालच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज आहे (ब्लोअर, मोठे कॉम्प्रेसर) आणि तिथे इअर मफ पाकिटावर छापल्याइतका आवाज अडवत नाही.

अ‍ॅप हमखास तोंडघशी पडतं ते ठोक्याच्या आवाजात. ड्रॉप हॅमर, खिळे मारायची गन, गोळीबाराचा सराव. फोनचा चिमुकला माइक साधारण १२० डेसिबलच्या आसपास भरून जातो, त्यापुढचं टोक छाटलं जातं. पडद्यावरचा पीक (क्षणभराचा सर्वोच्च आकडा) म्हणूनच खोटा दिलासा देतो. तिथे हे अ‍ॅप उघडूच नका.

बाहेरचा मोजणीचा माइक जोडला तर दर्जा एकदम चढतो. खरा फायदा अचूकतेपेक्षा वेगळाच आहे: फोनच्या भोकावर कॅलिब्रेटर (ठरावीक पातळीचा आवाज देऊन मीटर तपासणारं उपकरण) बसत नाही, बाहेरच्या माइकवर बसतो. १ किलोहर्ट्झ, ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर लावा, आकडा ९४ वर आणा, मोजणी संपली की पुन्हा लावून बघा. आधी ९४.० आणि नंतर ९२.८ आला तर मधल्या सगळ्या नोंदी रद्द. माइकचा व्यास आणि कॅलिब्रेटरचं अडॅप्टर जुळतंय ना ते आधी पाहा. सैल बसलं की रीडिंग डळमळतं आणि दोष मात्र अ‍ॅपच्या माथी.

हे सगळं जमलं तरी तक्रार निवारणाच्या सुनावणीत किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यात या आकड्यावर विसंबू नका. तिथे क्लास २ (अचूकतेचा ठरलेला दर्जा) किंवा त्याहून वरचा मीटर, खांद्यावर लावलेला डोसिमीटर आणि चालू कॅलिब्रेशन सर्टिफिकेट लागतं. सुरक्षा समितीच्या बैठकीआधी सगळ्या विभागांत फिरून डोसिमीटर कुणाच्या खांद्यावर लावायचे ते ठरवायला मात्र हे अ‍ॅप पुरेसं आहे.

एक बदल मात्र व्हायलाच हवा. मोजणी तासाभराची होईपर्यंत टीडब्ल्यूएचा आकडा राखाडी दाखवा, नाहीतर दाखवूच नका.