तालमीतल्या पोरांसाठी सरकारी अनुदान: केंद्राचं घ्यायचं, जिल्हा नियोजनमधून काम करून घ्यायचं की विधी सेवावाल्यांना हाताशी धरायचं?

कोल्हापुरात पेठांत काय नि उपनगरात काय, सध्या बऱ्याच तालमी-मंडळांच्या डोक्यात एकच विषय आहे. मिसरूड न फुटलेली पोरं गांजा, नशेच्या गोळ्या आणि कुठल्यातरी फाळकूटदादाच्या नादाला लागायच्या आधी त्यांना धरून ठेवायचं. त्यासाठी संध्याकाळचे वर्ग, एखादा समुपदेशक, खेळ, जमलं तर वकिलाचं मार्गदर्शन असं काहीतरी कायमचं उभं करायचं. मग मीटिंगमध्ये कोणतरी म्हणतंच, "सरकारचं अनुदान असतंय की त्याला, अर्ज टाकूया." असतंय, खरं आहे, पण त्याच्या वाटा तीन-चार आहेत आणि प्रत्येकीत पैसा कुणाच्या खात्यात येतो हे वेगळं, करारावर सही कुणाची हे वेगळं, आणि उद्या काही बिनसलं तर कुणाच्या गळ्याशी येतं हे तर फारच वेगळं. मी संस्थांचे हिशेब आणि प्रस्ताव बघतो, त्यामुळं मला त्या शेवटच्या मुद्द्याची काळजी जास्त वाटते आणि तो बोलायचा सोडून सगळं बोललं जातं.

आधी केंद्राचं बघू. सामाजिक न्याय मंत्रालयाचा नशा कमी करण्यासाठीचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१८ पासून आहे आणि त्यातून संस्थांना थेट अनुदान मिळतं, व्यसनमुक्ती केंद्राला, ड्रॉप-इन सेंटरला (म्हणजे नशा करणाऱ्याला कधीही येऊन मदत घेता येईल अशी जागा) आणि सीपीएलआय म्हणून एक प्रकार आहे त्याला. सीपीएलआय म्हणजे वस्तीतलीच पोरं तयार करायची आणि त्यांच्याकरवी बाकीच्या पोरांपर्यंत पोचायचं. तालमीला यातलं हेच सगळ्यात जवळचं, कारण आपल्याकडं पोरं मास्तरचं ऐकणार नाहीत पण आखाड्यातल्या थोरल्या पोराचं ऐकतात. शिवाय यात माणसांच्या मानधनाला पैसे मिळतात, जे बाकी कुठं सहजी मिळत नाहीत. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, त्याआधी एनजीओ दर्पणचा, म्हणजे संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलचा, नंबर पाहिजे, कामाचा अनुभव पाहिजे, तपासणी होते, राज्याची शिफारस लागते. आपल्याकडं त्याची सुरुवात विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात चौकशी करण्यापासून करा. नवे प्रस्ताव कधी आणि कुठल्या जिल्ह्यासाठी मागवलेत ते मात्र पोर्टलवर आधी बघा, नाहीतर फाईल तयार करून बसाल आणि आपला जिल्हाच यादीत नसेल.

आता बाँड, म्हणजे अनुदान घेताना संस्थेनं द्यायचं हमीपत्र. हा कागद लोक न वाचता सही करतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. केंद्राच्या २०१७ च्या जनरल फायनान्शियल रूल्सप्रमाणं संस्थेनं अटी पाळल्या नाहीत तर बाँडवर सही करणारे लोक अनुदान पूर्ण किंवा काही भाग, वर दहा टक्के वार्षिक व्याजासकट परत द्यायला संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार असतात. यातलं 'पृथकपणे' नीट समजून घ्या: अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार तिघांनी सही केली असेल तर सगळी रक्कम एकट्या खजिनदाराकडंही मागता येते. खजिनदार म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी रिटायर्ड शिक्षक किंवा बँकेतले काका असतात, ज्यांना "तुम्ही फक्त सही करा ओ" म्हणून बसवलेलं असतं. त्यांच्या घरच्यांना तरी हे माहीत असायला पाहिजे.

त्याच नियमात अजून दोन गोष्टी आहेत. अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, म्हणजे प्रोजेक्टसाठी घेतलेला स्पीकर सेट गणपतीच्या मांडवात लावला तर तो आक्षेप होऊ शकतो. आणि अनुदानाच्या रकमेवर बँकेत जे व्याज पडतं ते संस्थेचं नाही, परत भरायचं. म्हणून वेगळं खातं, पहिल्या दिवसापासून. यूसी म्हणजे विनियोग प्रमाणपत्र फॉर्म १२-ए मध्ये द्यायचं असतं, त्यात मागचं शिल्लक, व्याज किती पडलं, किती परत भरलं, कुठल्या मंजुरी आदेशानं किती आलं, खर्च किती, उरलं किती असे रकाने आहेत आणि पगार, सर्वसाधारण खर्च, भांडवली वस्तू हे तिन्ही वेगवेगळं दाखवायचं. पगाराच्या पैशातून खुर्च्या घेतल्या की रकाने जुळत नाहीत. आणि मागच्या वर्षाचं यूसी आणि ऑडिट गेल्याशिवाय पुढच्या वर्षाच्या मंजूर रकमेतला ७५ टक्क्यांच्या पुढचा हप्ता सुटत नाही. हप्ता उशिरा आला तरी समुपदेशकाचं घरभाडं थांबत नाही, तेव्हा निदान सहा महिन्यांचं मानधन स्वतःच्या खिशातून चालवायची ताकद नसेल तर मी तरी या वाटेला जा म्हणणार नाही.

जिल्हा नियोजन समितीचा पैसा याच्या अगदी उलट. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि निधी जातो तो अंमलबजावणी करणाऱ्या खात्याकडं, म्हणजे पोलीस, महापालिका, जिल्हा परिषद. तुमच्या ट्रस्टच्या खात्यात रुपया येत नाही, त्यामुळं बाँड नाही, यूसीची कटकट तुमची नाही. तुम्ही पत्र द्यायचं, पाठपुरावा करायचा, खात्यानं प्रस्ताव करायचा, प्रशासकीय मान्यता, मग खरेदी. चौकात सीसीटीव्ही, अंधारा बोळ असेल तर दिवे, मैदानाची दुरुस्ती यासाठी हीच वाट बरी. पण माणूस मिळत नाही इथं, वस्तू मिळते. आणि मार्च एंडला जी घाई होते त्यात वस्तू बसते पण ती पुढं कोण सांभाळणार हे कागदावर येत नाही. कॅमेरा मागताना देखभालीचा करार किती वर्षांचा, लाईट बिल कुणाचं आणि फुटेज कुठल्या पोलीस ठाण्यात दिसणार हे तिन्ही प्रश्न पत्रातच लिहा, तोंडी नको. बंद पडलेला कॅमेरा पोरांना आपल्याआधी कळतो.

तिसरी वाट पैशाची नाहीच, आणि माझ्या मते बहुतेक तालमींनी इथूनच सुरू करावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कसबा बावड्याच्या न्याय संकुलात, १९८७ च्या कायद्याखाली चालतं. ते अनुदान देत नाहीत पण शिबिराला वकील देतात आणि तुमच्यातलीच चार चांगली माणसं विधी स्वयंसेवक होऊ शकतात. कायद्याच्या कलम १२ प्रमाणं बायका, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००. हे किती घरांत माहीत आहे? पोरगं भांडणात सापडलं, वय सोळा, आई रात्री अकराला पोलीस ठाण्याबाहेर उभी आणि कोणतरी एजंट तिला "पंचवीस हजार आणा, सोडवतो" म्हणतोय. त्या आईला एवढं जरी माहीत असेल की २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अठराच्या खालच्या पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं, तर ती त्या एजंटला पैसे देणार नाही. यासाठी कुठलाच करार लागत नाही. तालमीचा हॉल, सतरंजी आणि एक रविवार लागतो.

गावाकडच्यांसाठी तंटामुक्त गाव मोहीम आहे, आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली, पण ते बक्षीस आहे, काम आधी आणि पैसे नंतर, म्हणून बजेटमध्ये धरू नका. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशाचं, म्हणाल तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एवढ्या एमआयडीसी आहेत आपल्याकडं, विचारायला हरकत नाही, असा पैसा घेण्यासाठी संस्थेला लागणारी सीएसआर-१ ची नोंदणी तेवढी करून ठेवा. कंपनीचा करार सुटसुटीत असतो पण पुढच्या वर्षी ते दुसऱ्या विषयाकडं वळू शकतात.

तर नोंदणी आहे पण हिशेबाला माणूस नाही अशा तालमीनं विधी सेवा धरावी आणि वस्तू लागल्या तर नियोजनकडं पत्र द्यावं. पगारी अकाउंटंट आहे, तीन वर्षांचं ऑडिट स्वच्छ आहे, गंगाजळी आहे अशी संस्था असेल तर केंद्राचं जरूर घ्या, काम मोठं होतं त्यातून. मात्र अर्जाआधी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीचा, ताजा उतारा काढा. जुन्या तालमींत त्यावर वारलेल्या ट्रस्टींची नावं अजून असतात आणि सह्या करणारे कागदावर कुठंच नसतात. चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याचा अर्ज, टाका, तो मंजूर व्हायला वेळ जातो, तोवर विधी सेवेचे वर्ग चालू ठेवा आणि हजेरी, फोटो, तारखा एका वहीत लिहून ठेवा, कारण अर्जात अनुभव म्हणून तीच वही लावायची आहे.